पाचाच्या आतला भूकंप

गेल्या वर्षी आषाढातल्या एका शनिवारी सकाळी सात वाजून सोळा मिनिटांनी उमरखेड तालुक्यात जमीन हलली. आधी खालून घरघर ऐकू आली, मग धक्का बसला. तो सहा ते आठ सेकंद जाणवला. केंद्र शेजारच्या जिल्ह्यात होतं. मोबाइलवर अर्ध्या तासात आकडा आला, तो पाचाच्या आतला होता. कुणी मेलं नाही.

यंदा पुन्हा तोच महिना आहे. सोयाबीन गुडघ्याखाली आहे आणि डवरणी चालू आहे. डवऱ्यामागे काळी माती ओलसर उलटते, तिच्यावर बगळे उतरतात. सगळं नेहमीसारखं दिसतं. पण या महिन्यात इकडची माणसं बोलता बोलता थांबतात. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की घास हातातच राहतो. आधी मांडणीवरच्या ताटांकडे बघायचं, मग एकमेकांकडे. ताटं गप्प असली तर जेवण पुढे सुरू होतं. ही सवय एका वर्षात लागली. ती कुठल्या अहवालात नाही.

त्या शनिवारी मी उमरखेडला घरीच होतो. हंड्यावरचा गडवा वाजायला लागला आणि वाजतच राहिला. बशीतल्या चहावर बारीक गोल रेघा उमटल्या. गल्लीतली कुत्री भुंकत होती, ती एकदम थांबली. मग सगळी गल्ली रस्त्यावर आली. कुणाच्या तोंडाला दंतमंजन होतं, कुणाच्या हातात लाटणं. पाच मिनिटांत हसणं सुरू झालं. जो तो सांगत होता की सगळ्यात आधी त्यालाच कळलं.

वीस वर्षं मी तालुक्याच्या बातम्या नागपूरच्या एका दैनिकाला पाठवतो. आठ वाजायच्या आत तिथून फोन आला.

"जीवितहानी?"

"नाही."

"वित्तहानी?"

"अजून काही कळलं नाही."

"मग नाही असंच टाकतो. वेबसाइटवर लगेच द्यायचं आहे."

"टाका," मी म्हणालो.

बातमी लागली. शेवटची ओळ होती, 'सुदैवाने कोणतीही जीवित वा वित्तहानी झाली नाही.' ही ओळ आमच्या धंद्यात तयार असते. ती लिहावी लागत नाही, हात आपोआप लिहितो. त्या वेळी तालुक्यातल्या एकाही गावात मी गेलो नव्हतो. तहसीलचं कुलूपही उघडलं नव्हतं.

ढाणकीच्या पलीकडे नाल्याकाठी एक गाव आहे. तिथे जिल्हा परिषदेची चार खोल्यांची शाळा आहे. गावाने शाळेला दिलेली जागा नाल्याकडची आहे, भारी काळ्या मातीची. चौथीची खोली सगळ्यात शेवटी, तिची पश्चिमेची भिंत नाल्याकडे. शनिवारी शाळा सकाळची असते. सात वाजून सोळा मिनिटांनी मुलं मैदानात परिपाठाच्या रांगांत उभी होती, हात पुढे करून अंतर घेत होती. वर्गात जायला दहा मिनिटं बाकी होती.

चौथीला शिकवणाऱ्या वंदना पाईकराव तेव्हा रांगांसमोर उभ्या होत्या. गावात त्यांना पाईकराव मॅडम म्हणतात. त्यांनी पुढे मला जे सांगितलं ते असं: मुलांनी हात पुढे केलेले होते, ते सगळे हात एकदम हलले, आणि त्यांना वाटलं की पोरं मस्ती करताहेत. त्या ओरडल्या, "सरळ उभे राहा!" मग त्यांचेच पाय सरळ राहिले नाहीत.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई राठोड नळाखाली मोठा गंज भरत होत्या. त्यांचं म्हणणं वेगळं.

"म्या तं नळाले शिव्या देल्या," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हा काहून थरथरून राह्यला? मंग पाह्यलं तं गंजातलं पाणी काठावरून सांडून राह्यलं, इकडून तिकडं, इकडून तिकडं. मले वाटलं खदानीत बार उडाला. अन् ह्या मॅडम पोरायले म्हणतेत सरळ उभे राहा! अवो, जमीन उभी राहीन तं पोरं उभे राहतीन ना!"

आधी थरथर आणि मग हेलकावा, हे शांताबाईंनी बरोबर सांगितलं होतं. भूकंपाच्या लाटा एकाच वेळी निघतात, पण एका वेगाने चालत नाहीत. पहिली लाट खडकाला दाबत, ताणत येते. ती वेगवान असते आणि तिचाच आवाज ऐकू येतो. दुसरी जमिनीला आडवी हलवत येते. ती मागे राहते, पण भिंती तीच पाडते. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये किती सेकंद गेले ते मोजलं, तर केंद्र किती दूर आहे ते काढता येतं. ढोबळ मानाने एका सेकंदाला आठ किलोमीटर. अशी तीन ठिकाणची अंतरं घेऊन नकाशावर तीन वर्तुळं काढायची. जिथे ती एकमेकांना छेदतात, तिथे जमीन तुटलेली असते.

मोजणारं यंत्र मुळात साधं आहे. एक जड वजन टांगलेलं असतं. जमीन हलते, वजन जागेवरच राहू पाहतं, आणि दोघांमधला फरक नोंदला जातो. त्या नोंदीवरून आकडा निघतो. आकडा एकाने वाढला तर यंत्रावरची हालचाल दहापट झालेली असते आणि बाहेर पडलेली ऊर्जा तीसपटीहून जास्त. म्हणजे चार आणि पाच या शेजारच्या पायऱ्या नाहीत. पण मुख्य गोष्ट ही की तो आकडा भूकंपाचा असतो. जमिनीत जिथे तुटलं तिथे किती ऊर्जा सुटली, एवढंच तो सांगतो. एका भूकंपाला एकच आकडा.

दुसरी एक मोजणी आहे आणि ती यंत्राहून जुनी आहे. तिला यंत्र लागत नाही, माणसं लागतात. गावोगावी जाऊन विचारायचं: तुम्ही उभे होता की झोपलेले? टांगलेलं काही हललं का? भांडी वाजली का? पाणी सांडलं का? गिलाव्याला चीर गेली का? उत्तरांवरून त्या गावाची पायरी ठरते, पहिलीपासून बारावीपर्यंत. पहिल्या पायरीवर माणसाला काहीच कळत नाही. बाराव्या पायरीवर सांगायला कुणी उरत नाही. ही मोजणी जागेची असते. एकाच भूकंपात एका गावाची तिसरी पायरी असू शकते आणि दहा कोसांवरच्या गावाची सहावी. खडकावरचं घर थोडं हलतं, मऊ मातीवरचं जास्त.

हे सगळं मी त्या शनिवारनंतर शिकलो. वीस वर्षं बातम्या दिल्यानंतर. त्याआधी किल्लारी झाली होती. तेव्हा दूरदूरच्या गावांत माणसं महिनोन्महिने अंगणात बाजा टाकून राहिली होती. तेव्हापासून आमच्याकडे भूकंप म्हणजे मेलेल्यांची संख्या, असं ठरून गेलं आहे. संख्या शून्य असली की भूकंप झालाच नाही. पुढच्या बातमीकडे वळायचं.

पाईकराव मॅडम वळल्या नाहीत. परिपाठ मोडला, मुलांना मैदानातच बसवलं आणि त्या एकट्या चौथीच्या खोलीत गेल्या. पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपा तडा गेला होता. शुक्रवारी तो नव्हता. त्यांनी त्यात वहीचं पान घालून बघितलं. पान गेलं. मग पुठ्ठा घालून बघितला. तोही गेला.

सोमवारी त्यांनी चौथीच्या एकोणीस मुलांना कामाला लावलं. प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या घरांत जायचं, तेच पाच प्रश्न विचारायचे, उत्तर जसं मिळेल तसं लिहायचं. मुलं पाऊस अंगावर घेत फिरली. ती वही मी पाहिली आहे. अक्षरं मोठी आहेत, शाई पावसाने फुटलेली आहे. एका पानावर आहे: 'आजी म्हणे मी बाजेवर होतो पण बाज चालत होती.' दुसऱ्या पानावर: 'देव्हाऱ्यातले देव पडले. दोन.' आणखी एकावर: 'काका म्हणे मले काही नाही समजलं, काकू म्हणे याले कधीच काही समजत नाही.' त्याच्यापुढे मॅडमनी लाल शाईने लिहिलं आहे, 'दोन्ही नोंदी ठेवा.'

मग गावाचा नकाशा एका पुठ्ठ्यावर काढला आणि घरं रंगवली. वरच्या वस्तीत मुरूम आणि खडक आहे. तिथली घरं हिरवी निघाली, भांडी वाजली पण पडलं काही नाही. नाल्याकडची, काळ्या मातीवरची घरं लाल निघाली. शाळा लालमध्ये होती.

भिंतीचं काम रहीम मिस्त्रींनी केलं. ते गावातले जुने गवंडी, ही शाळा बांधताना त्यांनी विटा वाहिल्या होत्या. त्यांनी तड्यावर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की केली आणि खिळ्याने प्रत्येकीच्या खाली तारीख कोरली.

"यानं काय होतं, मिस्त्री?" मॅडमनी विचारलं.

"भिंत गप बसली तं काच साबूत राहीन. भिंत चालली तं काच फुटन. बस्. याले इंजिनेरी लागत नाही."

वरची काच नवव्या दिवशी फुटली. मधली तेविसाव्या दिवशी. खालची शाबूत होती. या नोंदी वहीत आहेत आणि त्यावर मिस्त्रींची सही आहे. मॅडमनी फोटो, नकाशा आणि नोंदी जोडून वरच्या कार्यालयाला अर्ज केला. मागणी एका ओळीची होती: खोली तपासावी, तोपर्यंत वर्ग दुसरीकडे भरवण्याची परवानगी द्यावी. अर्जावर आवक शिक्का आहे.

पुढे जे झालं, ते कुणाच्या दुष्टपणाने झालं नाही. दुष्टपणा असता तर लिहायला सोपं गेलं असतं.

स्वातंत्र्यदिन तोंडावर आला होता. झेंडावंदनाला तालुक्याहून साहेब येणार असं कळलं आणि ग्रामपंचायतीने शाळेला रंग द्यायला काढला. आमच्याकडे ही रीत आहे. कुणी बघायला येणार असलं की आधी रंग. दवाखाना असो, शाळा असो, स्मशानशेड असो. जे दाखवायचं आहे ते झाकून मग पाहुण्याला बोलवायचं. रंगाऱ्याने काचा उपटल्या, तडा सिमेंटने भरला, वर पुट्टी ओढली आणि त्यावर निळ्या रंगात महाराष्ट्राचा नकाशा काढला. मॅडम दोन दिवस प्रशिक्षणाला पुसदला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा रंग वाळला होता.

"सरपंच साहेब, काचा कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"फेकल्या ना! मॅडम, तुम्ही बी कमालच करता. लहान लेकराईच्या वर्गात फुटलेल्या काचा ठेवता? कोणाच्या हाताले लागलं असतं मंग? माह्यी नात तिथंच बसते."

त्यांची नात खरंच तिथे बसत होती. ते तिच्याच काळजीने बोलत होते.

तपासणीला अभियंता साहेब आले ते झेंडावंदनानंतर तेरा दिवसांनी. मॅडमनी बोलावलं म्हणून त्या वेळी मी तिथे होतो. त्यांनी रंगवलेली भिंत बघितली, नकाशा बघितला, हाताने टकटक केली.

"तडा कुठे आहे?"

"याच्या आत आहे," मॅडम म्हणाल्या. "हे फोटो. ही वही."

"फोटोवर तपासणी होत नाही, मॅडम. आणि वही पोरांनी लिहिलेली आहे." मग त्यांनी बॅगेतून एक झेरॉक्स काढली. चौकटींचा तक्ता होता. डाव्या बाजूला आकडे, उजव्या बाजूला नुकसान. त्यांनी बोट ठेवलं. "पाचाच्या आत पक्क्या बांधकामाला काही होत नाही. हे सरळ लिहिलेलं आहे."

"सर, तो आकडा केंद्राचा आहे. भिंत इथली आहे."

"आकडा एकच असतो."

"आकडा एकच असतो. धक्का गावागावात वेगळा असतो. आमची शाळा काळ्या मातीवर आहे."

"मग तेच तर सांगतो! काळ्या मातीत भिंती तडकतातच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्याला भूकंप कशाला लागतो?"

"मग तसं लिहा, सर. मातीनं तडकली म्हणून लिहा. पोरांच्या डोक्यावर पडताना ती भूकंपाची की मातीची, ते विचारणार नाही."

त्यांनी तसं लिहिलं नाही. तडा मातीमुळे असेल तर दुरुस्ती त्यांच्या खात्याची, भूकंपामुळे असेल तर पंचनामा महसूलचा. तडाच नसेल तर कुणाचंच काही नाही. रहीम मिस्त्री दाराशी उभे राहून ऐकत होते. ते मला म्हणाले, "साहेबाले म्हणा, पुट्टीवर कान ठेवा. आतून पोकळ आवाज येऊन राह्यला." मी तसं म्हणालो. साहेबांनी जीपकडे बघितलं.

अहवालाची प्रत मॅडमना माहितीच्या अधिकारात चार महिन्यांनी मिळाली. त्यात तीन वाक्यं आहेत. पाहणीत भिंतीस तडा आढळून आला नाही. भूकंप पाचापेक्षा कमी असल्याने बांधकामास हानी संभवत नाही. तालुक्यात कोणतीही हानी न झाल्याबाबत वृत्तपत्रीय कात्रण सोबत जोडले आहे.

ते कात्रण माझ्या बातमीचं होतं. शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली होती.

मॅडमनी ते माझ्यासमोर ठेवलं. शांताबाई चुलीजवळ तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी कुठं होते?"

"घरी."

"मंग तुम्हाले कसं समजलं का काही नाही झालं म्हणून?"

मी दैनिकाला दुरुस्तीची चार ओळींची नोंद पाठवली: अमुक दिवशीच्या बातमीत हानी नाही असं म्हटलं होतं, ते कोणत्याही गावात न जाता लिहिलं होतं, अमुक गावातल्या शाळेच्या भिंतीला तडा गेला होता. वरून फोन आला. जुन्या बातमीची दुरुस्ती छापत नाहीत, नवीन काही घडलं असेल तर बातमी द्या, असं सांगण्यात आलं. नवीन म्हणजे काय, असं मी विचारलं. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे, सर."

मला माहीत आहे: भिंत पडली की ती बातमी. त्या फोननंतर पांढरकवड्याच्या बाजूला बातमीसाठी गेलो होतो, तेव्हा रस्त्याकडेच्या एका शाळेच्या भिंती नव्या रंगात चमकत होत्या. गाडी थांबवून मी बोटाने टकटक करून बघितलं. आता तेवढंच राहिलं आहे. कुठलीही रंगवलेली भिंत दिसली की मी तिच्यावर बोट आपटतो. माणसं विचारतात, काय बघता? मी पुन्हा एकदा टकटक करतो.

हिवाळा गेला. मातीला भेगा पडल्या, इतक्या रुंद की शेतात बकरीचं पिल्लू पाय अडकून ओरडत होतं. उन्हाळ्यात बंद शाळेच्या त्या खोलीत महाराष्ट्राच्या नकाशावर एक केसासारखी रेघ उमटली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून ती कोकणातून वर गेली, नाशिकच्या बाजूने बाहेर पडली आणि छताला भिडली. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा पाईकराव मॅडमनी ती बघितली. पान घातलं. गेलं.

त्याच दिवशी त्या गावातल्या विहारात गेल्या. विहार वरच्या वस्तीत आहे, मुरमावर, लोखंडी खांब आणि वर पत्रे. विहार समितीने सकाळी दहा ते पाच हॉल द्यायला लगेच होकार दिला. "पंचवीस पोरं असो का पन्नास," समितीतल्या एका आजीने सांगितलं, "फक्त चपला बाहेर काढा अन् भिंतीले रेघोट्या वढू नका." मंगळवारपासून चौथीचा वर्ग विहारात बसला. नव्या चौथीतही मुलं एकोणीसच आहेत. शांताबाई डोक्यावर खिचडीचं पातेलं घेऊन वर चढायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, "भूकंपानं नाही मेली, आता ह्या चढानं मरतो."

आठव्या दिवशी नोटीस आली. विनापरवानगी वर्ग स्थलांतरित केल्याबद्दल आणि पालकांमध्ये भीती पसरवल्याबद्दल खुलासा मागवला होता. मॅडमनी खुलाशासोबत वहीची झेरॉक्स जोडली, एकोणीस मुलांच्या सह्यांसह. पालकांच्या सह्यांचं वेगळं पत्र गेलं. त्यावर पहिली सही सरपंचांची होती. खुलासा असमाधानकारक ठरवण्यात आला. त्यांची दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेवर प्रतिनियुक्ती झाली. आदेशात कारण 'प्रशासकीय सोय' असं आहे. त्या गेल्या त्या दिवशी पाऊस नव्हता. मुलं बसथांब्यापर्यंत आली होती. मॅडमनी वही रहीम मिस्त्रींकडे दिली आणि सांगितलं, "यावर्षीची पानं कोरी आहेत."

त्यांच्या जागी नवे शिक्षक आले आहेत. तरुण आहेत, पहिलीच नेमणूक आहे. त्यांना आदेश मिळाला होता की वर्ग मूळ खोलीतच भरवावा, आणि त्यांनी तो भरवला.

या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्या शाळेत गेलो. खिडकीतून बघितलं. हजेरी एकोणीस होती. सगळी मुलं पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून, तीन दाटीच्या रांगांत, एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे टेकवून बसली होती. पश्चिमेकडची अर्धी खोली रिकामी होती. शिक्षक म्हणाले, "मी नाही सांगितलं, सर. पहिल्या दिवशी आलो तेव्हा ते असेच बसलेले होते."